आठ सिलिंडर आणि मागची खोली

४ मार्च, बुधवार

गाडी आली!

वाचनालयातली एक जुनी दाखल-नोंदवही कोरीच पडून होती, ती घरी आणली आणि त्यातच हे लिहितेय. पानावर रकाने छापलेत: क्रमांक, लेखक, किंमत, शेरा. मी सगळ्यांवरून आडवं लिहिणार. बावीस वर्षं रकान्यांत लिहिलं, पुरे झालं.

गाडी पिवळी आहे. दोन दारं, दोन सीट, आठ सिलिंडर, वय नऊ वर्षं. एका दातांच्या डॉक्टरांची होती. त्यांची कंबर गेली म्हणून त्यांनी विकली. माझी कंबर अजून शाबूत आहे. नवरा गणिताचा मास्तर. त्याने गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि विचारलं, "घरात माणसं तीन. सीट दोन. तिसऱ्याचं काय?" मी म्हटलं, "तिसरा घरी बसून पेपर तपासेल." त्यावर त्याने चष्मा पुसला. वाद नको असला की तो चष्मा पुसतो.

एकच खोट आहे. सकाळी चालू करताना गाडी काय गरजते! पण क्षणभरच. मग एकदम गप्प. दिवसभर "शांतता राखा" या पाटीखाली बसायचं आणि घरी येतानाही बुडाखाली तीच पाटी घेऊन यायचं? मला ते मान्य नाही.

बाबा बाहेर आले नाहीत. त्यांच्या मागच्या खोलीला आणि गाडीच्या शेडला एकच भिंत आहे, पण त्यांना कळलंही नसेल. आई गेली त्याला दीड वर्ष झालं, तेव्हापासून त्यांचे कान जवळजवळ गेलेच. कानाचं मशीन घेतलं, ते डबीतच आहे. "त्यात नुसता कचरा ऐकू येतो," म्हणाले, आणि तोंडाला कुलूप लावून बसले. छत्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढलेला गडगडाट्या माणूस, आता दिवसाला तीनदा "हं" म्हणतो. हल्ली दचकतातही फार. मी खोलीत गेले की दचकतात आणि वर माझ्यावरच डोळे वटारतात.

दादाचा फोन आला होता. पाच एप्रिलला येतोय, बाबांना कायमचं घेऊन जायला. "त्यांनीच हो म्हटलंय," म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून भांडी आपटली. मला ते जायला नको आहेत. हे कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

७ मार्च, शनिवार

सायलेन्सरवाल्याकडे गेले. त्याला सगळे वस्ताद म्हणतात, मीही म्हणते. अंगावरचा डगला कधीकाळी निळा असावा.

त्याने गाडी वर चढवली आणि मला खाली उभं करून बॅटरीने दाखवलं. मागे दोन सायलेन्सर, डावा आणि उजवा. दोन्हींत एकेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या आत फिरणारी वाटोळी पत्र्याची झडप. छोटी मोटर ती उघडते आणि मिटते. मिटली की धूर लांबच्या वाटेने, वळसे घेत, सभ्यपणे बाहेर पडतो. उघडली की सरळ.

"ताई, आवाज गाडीत आहेच," वस्ताद म्हणाला. "दारं लावून घेतलीत, एवढंच."

"मग उघडा."

"कायमची?"

"कायमची."

त्याने दोन्ही मोटरच्या वायरी काढल्या, व्हॉल्व्ह उघडे करून पिना अडकवल्या आणि गाडी खाली घेतली. मी चावी फिरवली. काय सांगू! समोरच्या फळीवरचे पाने थरथरले. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. वस्तादही हसला, पण लगेच गंभीर झाला. "शाळा, दवाखाना दिसला की पाय हलका ठेवा. नाहीतर पोलीस तुम्हाला थांबवतील आणि तुम्ही माझं नाव सांगाल."

घरी आले तर बाबा अंगणात उभे. कोणी हाक मारली नव्हती, काही नाही. एक तळवा शेडच्या भिंतीला टेकवलेला, कपाळावर आठ्या. गाडीच्या मागच्या बाजूकडे बराच वेळ बघितलं, "हं" म्हणाले आणि आत गेले. रागावलेत. साहजिक आहे, भिंत त्यांच्या उशालाच आहे.

९ मार्च, सोमवार

वाचनालयात वार्षिक पुस्तकमोजणी सुरू झाली. आता घरी यायचा नेम नाही. कधी सहा, कधी साडेसात.

आज सात वाजले. दार उघडलं तर ओट्यावर माझा कप भरलेला, चहा वाफाळता. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पहिल्यांदाच! नवरा टेबलाशी पेपर तपासत होता. मी म्हटलं, "अरे, तू चहासुद्धा करतोस?" त्याने चष्मा पुसला. लाजला बिचारा. साखर जरा जास्त होती, पण मी काही बोलले नाही. उत्साह मोडू नये.

गाडीतून मधेच एक बारीक खरखर येते. वेग थोडा वाढला की सुरू, आणखी वाढला की बंद.

११ मार्च, बुधवार

कालही चहा, आजही चहा. अगदी मी दारात आणि कप ओट्यावर. नवऱ्याचा हिशेब मानला पाहिजे.

वरच्या मजल्यावरच्या काकू मात्र खाली आल्या. त्या एरवी फक्त पाणी गेलं की येतात. "तुझी गाडी आली की माझ्या शोकेसमधले कप एकमेकांशी बोलायला लागतात," म्हणाल्या. "लग्नातला सेट आहे गं. बारातले नऊ उरलेत. ते तरी माझ्यासोबत संपू देत." मी फाटकातून हळू येण्याचं कबूल केलं. हळू म्हणजे काय ते मी मनात ठरवलं.

बाबा रोज संध्याकाळी अंगणात येतात. गंमत म्हणजे चपला काढून, अनवाणी, फरशीवर उभे राहतात. आठ्या तशाच. गाडी बंद झाली की आत जातात. बोलत नाहीत. मला तर शाळेत उशिरा आल्यासारखं वाटतं.

१४ मार्च, शनिवार

वस्तादकडे पुन्हा. खरखर सापडली नाही. त्याने पत्रे आवळले, पट्ट्या आवळल्या, खाली आडवा पडून बराच वेळ ऐकलं. "इथे येत नाही," म्हणाला. "तुमची गाडी माझ्यासमोर शहाण्यासारखी वागते." परत निघाले आणि कोपऱ्यावर खरखर सुरू.

१६ मार्च, सोमवार

आज मी फार वाईट वागले.

सकाळी गाडी चालू करून ठेवली आणि पर्स आणायला आत गेले. परत येऊन बघते तर बाबा गाडीमागे उकिडवे बसलेत, हातात त्यांचा तो हातभर लांबीचा जुना स्क्रूड्रायव्हर आणि त्याचं टोक माझ्या सायलेन्सरवर! डोकं मुठीला लावून, डोळे मिटून, जणू सगळा जोर काढून भोक पाडणार. मी ओरडले. त्यांना कसलं ऐकू येतंय! मी खांद्याला हात लावला. ते असे दचकले की स्क्रूड्रायव्हर घसरला आणि बंपरवर बोटभर ओरखडा उठला.

"आवडत नसेल तर तसं सांगा ना! भोकं कसली पाडता?" मी म्हणाले. तोंड मोठं उघडून, एकेक शब्द तोडून, ओठ वाचता यावेत म्हणून. किती दुष्टपणा. ते बघत राहिले. मग स्क्रूड्रायव्हर धोतराच्या फडक्याने पुसला आणि आत गेले.

दिवसभर पुस्तकं मोजली आणि तीनदा चुकले.

नवरा म्हणतो, "पाटीवर लिहून विचार त्यांना, काय त्रास होतोय." मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत आहे. हा आवाज त्यांना भिंतीतून छळतो आणि म्हणून त्यांना दादाकडे जायची घाई झालीय. मला फक्त ते त्यांच्या अक्षरात वाचायचं नाही.

१८ मार्च, बुधवार

अर्धी रजा टाकून वस्तादकडे गेले. "पिना काढा, वायरी जोडा. होती तशी करून द्या."

"दहा दिवसांत हौस फिटली?"

"घरात म्हातारं माणूस आहे."

त्याने लगेच पाना उचलला. त्याच्याकडेही असेल कोणी. संध्याकाळी गाडी मांजरीसारखी शेडमध्ये शिरली. खरखरसुद्धा गेली. जिवाला लागलं, पण बाबांसाठी केलं. आता बघू, दादाला ते काय सांगतात.

२३ मार्च, सोमवार

काकूंनी वरून चिठ्ठी पाठवली: "नऊच्या नऊ शाबूत. देव तुझं भलं करो."

बाबा आता अंगणात येत नाहीत. आवाज गेला, तक्रार गेली, म्हणून असेल. पण खूश आहेत म्हणावं तर तसंही नाही. आज मी खोलीत डोकावले तर इतके दचकले की हातातला पेला पडला. मी काचा भरल्या. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, कापलं का म्हणून. मग तोंड फिरवलं.

चहासुद्धा बंद झालाय. बुधवारपासून कप कोरडा. नवऱ्याचा उत्साह दहा दिवसांचाच, माझ्यासारखा.

२६ मार्च, गुरुवार

बाबांनी बॅग भरायला घेतलीय. दहा दिवस आधीच. चार सदरे, आईचा फोटो आणि सगळ्यात वर फडक्यात गुंडाळलेला तो स्क्रूड्रायव्हर. मी दारातून बघितलं आणि आले निघून. स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. गाडी गप्प केली, घरही गप्प आहे, आणि ते तरीही चाललेत. मग मी कशाला केलं हे सगळं?

२७ मार्च, शुक्रवार

आज भांडण झालं आणि बरं झालं, झालं ते.

साडेसातला दमून आले. कप कोरडा. सगळा राग नवऱ्यावर काढला. "दहा दिवस चहा केलास तो काय उपकार म्हणून? तोंडाला सवय लावायची आणि सोडून द्यायचं?"

त्याने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "मी नव्हतो करत," म्हणाला.

"काय?"

"चहा. मी कधीच केला नाही. तू पहिल्या दिवशी इतक्या कौतुकाने बघत होतीस... मग राहून गेलं सांगायचं."

"दहा दिवस राहून गेलं?"

"रोज म्हणत होतो, उद्या सांगू."

याचा समाचार मी नंतर घेणारच आहे. पण तेव्हा आम्ही दोघंही मागच्या खोलीच्या दाराकडे बघत उभे होतो.

"त्यांना कसं कळायचं?" मी म्हटलं. "घंटा ऐकू येत नाही. माझी यायची वेळ ठरलेली नाही. आणि चहा तर वाफाळता असायचा."

इथे गणिताचा मास्तर कामाला आला. "चहा कधी सुरू झाला? गाडीचा आवाज मोठा झाल्यावर. कधी थांबला? आवाज लहान झाल्यावर. काकूंचे कप वरच्या मजल्यावर हलायचे. बाबांचा पलंग कुठेय? शेडच्या भिंतीला चिकटून."

मी खुर्चीत बसले. ते अनवाणी उभं राहणं, भिंतीवरचा तळवा, मुठीला टेकवलेलं डोकं. लहानपणी पंपघरात मी हजारदा बघितलंय हे! पंपाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून आतलं ऐकायचं. बाबा म्हणायचे, मशीनचं दुखणं हाडातून कळतं. आणि मी त्यांना भोकं कसली पाडता विचारलं. माझ्यासारखी गाढव मीच.

मग चहा मी केला. तीन कप. बाबांच्या खोलीत जाताना आधी पायाने जमीन दोनदा आपटली. ते दचकले नाहीत. वळून बघितलं आणि कप घेतला.

२८ मार्च, शनिवार

पाटीवर लिहिलं: "गाडीत खरखर आहे. सापडत नाही. येता का?" बाबांनी वाचलं आणि बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला. बस्स, एवढंच. तिसऱ्याचं काय या प्रश्नाचं उत्तर मिळालं, नवरा घरी पेपर तपासत बसला.

वस्तादने पुन्हा वायरी काढून पिना लावल्या आणि गाडी चालू केली. बाबांनी चपला काढल्या आणि गॅरेजच्या तेलकट फरशीवर अनवाणी उभे राहिले. वस्तादने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "थांबा जरा." बाबांनी हाताने खूण केली, वाढव. मी वेग वाढवला. पुरे, अशी खूण केली. मग ते खाली वाकले, टोक पाइपाला लावलं, मूठ कानामागे.

"डावा," ते म्हणाले. खणखणीत, पंपघरातल्या आवाजात. "डावा व्हॉल्व्ह फडफडतोय. दांडा ढिला आहे. त्या सोमवारीच सांगणार होतो, पण ही माझ्या अंगावर आली."

वस्ताद हसला. मग गाडी बंद केली, निवू दिली, डावी बाजू सोडली, झडपेचा दांडा चिमटीत धरून हलवला. हसणं थांबलं. दांडा खरंच खेळत होता. त्याने बाबांना वाकून नमस्कार केला आणि स्वतःची खुर्ची पुसून दिली.

मग बाबा बोलले. दीड वर्षाचं साठलेलं एकदम. वस्तादला पंप सांगितले, बेअरिंग सांगितली, कोणत्या सालात कोणता व्हॉल्व्ह फुटला ते सांगितलं. आणि मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाले, "तू आलीस की पलंगाला कळायचं. मग मी पाणी ठेवायचो. मधे आठ-दहा दिवस तू आलीच नाहीस."

मी मान हलवली, नाही म्हणून. मी रोज येत होते, बाबा.

"आली असशील. मला कुठे कळतं? एकदम पाठीमागे उभी असतेस." ते स्क्रूड्रायव्हर पुसत राहिले. "घरात माणूस कधी आलं, कधी गेलं, काही पत्ता नाही. नुसतं दाराकडे बघत बसायचं. दादाकडे दिवसभर घर भरलेलं असतं, कोणाची वाट बघायला लागत नाही. म्हणून हो म्हटलं त्याला."

वस्ताद पाठ फिरवून पाने लावायला लागला. आधीच लावलेले होते ते. मी बाबांचा हात धरला, काळ्या तेलाचा, आणि सोडलाच नाही.

वस्तादनेच तोड काढली. पिना नकोत. दांडा नवा बसवतो आणि स्टिअरिंगजवळ एक बटण देतो. दाबलं की दोन्ही व्हॉल्व्ह उघडे, सोडलं की बंद. रस्त्यावर सभ्य, घरी आल्यावर काय ते.

३१ मार्च, मंगळवार

काकूंशी तह झाला. फक्त संध्याकाळी, फाटकातून आत आल्यावर, दोन सेकंद. दुपारी कधीच नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आधी सांगायचंस ना. कपांखाली रुमाल घालते." पाच मिनिटांनी पुन्हा खाली आल्या. "तीन सेकंद चालतील."

चहा सुरू झाला. पण बॅग अजून भरलेलीच आहे आणि मी विचारत नाही. मागच्या वेळी विचारलं नाही तेव्हा काय झालं, ते माहीत असून. उद्या विचारते.

२ एप्रिल, गुरुवार

विचारलं. पाटीवर लिहिलं, "जाऊ नका." खाली कारण लिहायला जागा उरली होती, पण सुचलं नाही. बाबांनी वाचलं, पाटी पुसली आणि लिहिलं, "दादा आल्यावर बघू." बोलता येत असताना लिहून का दाखवलं, देव जाणे. बहुतेक आवाज हलला असता.

५ एप्रिल, रविवार

दादा दुपारी आला. मोठी गाडी, मागे चार सीट. आल्या आल्या माझ्या पिवळीकडे बघून म्हणाला, "हे काय, खेळणं?" मी मुद्दाम भांडले नाही. जेवणं झाली. बॅग दाराशी ठेवलेली. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून संध्याकाळी बिस्किटं आणायचं निमित्त काढून बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच गाडीत बसून राहिले. बिस्किटं घरात दोन डबे आहेत.

मग परत फिरले. फाटकातून आत आले, बटण दाबलं. एक, दोन, तीन. वरून काकूंनी खिडकीतून हात केला.

पुढचं मी बघितलं नाही, दादाने अंगणात येऊन सांगितलं. त्याचा चेहरा विचित्रच झाला होता. तो बाबांसमोर बसून, हातवारे करून, त्याच्याकडच्या नव्या खोलीचं सांगत होता. कपाट कुठे, खिडकी कुठे. बाबा माना डोलावत होते. मधेच थांबले. तळपाय जमिनीवर सपाट टेकवले, एक हात भिंतीला लावला आणि म्हणाले, "आली." उठले आणि गॅसवर पाणी ठेवायला गेले.

"त्यांना कसं कळलं?" दादाने मला विचारलं. "आणि हसले गं. आई फाटक उघडायची तेव्हा हसायचे तसे."

आई गेल्यापासून या घरात माझ्या येण्याची बातमी कोणी दिली नव्हती.

आम्ही आत गेलो. ओट्यावर पाच कप होते, एक काकूंचा. दादाने दाराजवळची बॅग उचलली, बहुधा गाडीत ठेवायला, आणि तो तसाच उभा राहिला. बॅग रिकामी होती. चार सदरे कपाटात, आईचा फोटो भिंतीवर, स्क्रूड्रायव्हर खिळ्याला.

बाबांनी त्याच्या हातात कप दिला. "तू येत जा," म्हणाले. "पण येताना आवाज कर."

चहात साखर फारच जास्त होती. मी दुसरा कप मागितला.